'आधी गरज सिद्ध करा' : अमेरिकेच्या जड रणगाड्याला झालेला उशीर (१९४२–४५)

प्रकरणाची व्याप्ती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पन्नास हजारांच्या जवळपास शर्मन रणगाडे बांधले, आणि तरीही युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात अमेरिकी वृत्तपत्रांतून असा प्रश्न विचारला जाऊ लागला की, जगातील सर्वांत मोठी मोटार-उद्योगशक्ती असलेल्या देशाच्या सैनिकांना जर्मन रणगाड्यांपुढे कमकुवत रणगाडे का दिले गेले. ज्याला पुढे 'पर्शिंग' हे नाव मिळाले तो जड रणगाडा युरोपच्या रणभूमीवर पोचला फेब्रुवारी १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम अडीच महिने उरले असताना. या उशिराचे खापर बहुधा एकाच सेनानीवर, लेस्ली मॅकनेअर यांच्यावर, फोडले जाते. कागदपत्रांतून दिसणारा निर्णयांचा क्रम तपासला तर हा निवाडा अर्धाच खरा ठरतो. जड रणगाडा उशिरा आला हे खरे असले तरी सैनिकांना अधिक महागात पडलेला उशीर दुसराच होता, आणि तो टाळण्यासाठी नवा रणगाडा बांधण्याची गरजही नव्हती.

पार्श्वभूमी

१० जुलै १९४० रोजी, फ्रान्सच्या पाडावानंतर काही आठवड्यांतच, अमेरिकेने स्वतंत्र चिलखती दल स्थापन केले. तोपर्यंत तिच्याकडे जे काही रणगाडे होते ते प्रामुख्याने हलके होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिन्ही वर्गांवर एकाच वेळी काम सुरू झाले. हलक्या वर्गात ३७ मि.मी. तोफेचा स्टुअर्ट होता. मध्यम वर्गात आधी घाईने तयार केलेला, मुख्य तोफ बुरुजाऐवजी अंगाच्या उजव्या बाजूला बसवलेला एम-३ आला, आणि त्याच्या पाठोपाठ १९४२ च्या सुरुवातीला ७५ मि.मी. तोफ फिरत्या बुरुजात असलेला एम-४, म्हणजे शर्मन, कारखान्यांतून बाहेर पडू लागला. जड वर्गात सुमारे ५७ टनांचा एम-६ आकाराला येत होता.

यांपैकी शर्मन पहिल्यापासूनच चांगला निघाला. तो विश्वासार्ह होता, दुरुस्तीला सोपा होता आणि एकाचे सुटे भाग दुसऱ्यात चपखल बसत. एकट्या १९४३ मध्ये असे वीस हजारांहून अधिक रणगाडे तयार झाले. त्या काळी तो जर्मनांच्या मध्यम रणगाड्यांच्या तोडीस तोड होता, काही बाबतींत सरसही होता.

एम-६ ची कथा मात्र चाळीस रणगाड्यांवरच संपली. डिसेंबर १९४२ मध्ये चिलखती दलाचे प्रमुख जेकब डेव्हर्स यांनी स्वतःच कळवले की, वजन आणि मर्यादित उपयोग पाहता या रणगाड्याची गरज नाही. जहाजावर साठ टनांच्या एका रणगाड्याला लागणाऱ्या जागेत तीस टनांचे दोन जात असतील तर सेनापतीला दोनच हवेत, असा हा रोकडा हिशेब होता. अमेरिकेतून निघालेला प्रत्येक रणगाडा आगगाडीने बंदरात, जहाजाने महासागरापार, क्रेनने धक्क्यावर आणि मग लष्करी पुलांवरून नद्या ओलांडत आघाडीवर न्यावा लागे. अभियंता दलाचे पूल तीस टनांच्या आसपासची वाहने गृहीत धरून आखलेले होते. आपल्या कारखान्यापासून आघाडीपर्यंत रेल्वेने जाणाऱ्या जर्मनांना यांतल्या बऱ्याच अडचणी नव्हत्या.

याच्या जोडीला एक सिद्धान्तही होता. मार्च १९४२ पासून भूसेनेच्या प्रशिक्षणाची आणि संघटनेची सूत्रे हाती असलेले मॅकनेअर मूळचे तोफखान्याचे अधिकारी. शत्रूची फळी फुटली की रणगाड्यांनी आत घुसून मागची यंत्रणा उद्ध्वस्त करावी आणि शत्रूच्या रणगाड्यांचा समाचार 'रणगाडा-संहारक' या वेगळ्या दलाने घ्यावा, असे त्यांचे ठाम मत होते. रणगाड्याने रणगाड्याशी झुंजणे त्यांना अनावश्यक आणि खर्चिक वाटे. सामग्रीबाबत त्यांची एक शिस्तही होती. प्रत्यक्ष लढाईत गरज दिसल्याशिवाय आणि चाचणीत टिकाऊपणा सिद्ध झाल्याशिवाय कोणतेही नवे शस्त्र आघाडीवर जाता कामा नये. सगळ्या जगभर पुरवठा करणाऱ्या सैन्यासाठी ही शिस्त आवश्यकच होती, आणि आपले नवे पँथर रणगाडे कच्च्या अवस्थेतच रशियातील कुर्स्कच्या लढाईत पाठवून जर्मनांनी जी फजिती ओढवून घेतली ती पाहता ती शहाणपणाचीही म्हणावी लागेल. अडचण होती ती 'गरज दिसणे' या अटीत. ती गरज कोणी, कुठे पाहायची आणि ती दिसल्यापासून रणगाडा हाती येईपर्यंत किती काळ लागतो, याचे उत्तर त्या शिस्तीत नव्हते.

समस्या

१९४२ च्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशियात जर्मनांचा जड रणगाडा टायगर दिसला. त्याचे पुढचे चिलखत सुमारे १०० मि.मी. होते, तोफ ८८ मि.मी.ची होती आणि वजन एम-६ इतकेच. पण टायगर मोजके होते. सगळ्या युद्धात ते १,३५० च्या आसपासच बांधले गेले. अधूनमधून भेटणारा राक्षस अशीच त्याची नोंद अमेरिकी अधिकाऱ्यांनी केली, आणि ती फारशी चूक नव्हती.

जुलै १९४३ मध्ये कुर्स्क येथे पँथर मैदानात आला. तोही टायगरसारखाच, वेगळ्या तुकड्यांत थोड्या संख्येने वापरला जाणारा जड रणगाडा असेल, असे अमेरिकी हेरखात्याने आणि शस्त्रतज्ज्ञांनी धरून चालले. ४५ टनांचा रणगाडा जर्मनांच्या लेखी 'मध्यम' आहे आणि प्रत्येक चिलखती डिव्हिजनमधील एक अख्खी बटालियन त्याच्यावर उभी राहणार आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक मला इथे दिसते, आणि ती वर्गवारीची आहे. आपल्या मोजपट्टीने जो जड, तो शत्रूच्याही मोजपट्टीने जड आणि म्हणून दुर्मीळ, असे गृहीत धरले गेले. सोव्हिएत आघाडीवरून माहिती येत होती. १९४४ च्या पूर्वार्धात इटलीतही पँथर समोर आले. तरी गृहीतक बदलले नाही.

जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्याचे परिणाम दिसले. पँथरचा पुढचा उतरता पत्रा ८० मि.मी. जाडीचा होता आणि उतारामुळे त्याची प्रत्यक्ष ताकद त्याहून बरीच अधिक होती. शर्मनच्या ७५ मि.मी. तोफेचा गोळा लढाईच्या कोणत्याही नेहमीच्या अंतरावरून त्यातून आरपार जात नसे. उलट पँथरची लांब नळीची ७५ मि.मी. तोफ एक किलोमीटरहून अधिक अंतरावरून शर्मनला भेदू शके. बाजूने मारले तर पँथरही पेटत असे, परंतु नॉर्मंडीतील उंच मातीच्या बांधांच्या अरुंद वाटांत बाजूला जायला जागाच नसे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता काहीही न बदलण्याचा, म्हणजे ७५ मि.मी.चा शर्मन मोठ्या संख्येने पुरवत राहून शत्रूचे रणगाडे संहारकांवर सोपवण्याचा. त्याच्या बाजूने बोलायला बरेच होते. अमेरिकी रणगाड्यांचे बहुतेक गोळे पायदळ, मशीनगनची ठाणी, तोफा आणि इमारती यांवर झाडले जात, आणि त्या कामासाठी ७५ मि.मी.चा स्फोटक गोळा उत्तम होता.

दुसरा पर्याय होता त्याच शर्मनवर अधिक भेदक तोफ बसवण्याचा. ७६ मि.मी.ची नवी तोफ ऑगस्ट १९४२ मध्येच शर्मनवर बसवून पाहण्यात आली होती. जुन्या बुरुजात ती फार दाटीने बसते, म्हणून चिलखती दलाने ती नाकारली. ही तक्रार रास्त होती. मात्र तिच्यावरचा उपाय म्हणजे प्रशस्त बुरूज शर्मनवर यायला १९४४ उजाडले. याच पर्यायाचा एक भाग दारूगोळ्याचा होता, म्हणजे टंगस्टनचा गाभा असलेला वेगवान चिलखतभेदी गोळा. ब्रिटिशांनी आपली सतरा पौंडी तोफ शर्मनमध्ये कशीबशी कोंबून 'फायरफ्लाय' तयार केला आणि नॉर्मंडीत तो साधारण चारास एक या प्रमाणात वापरला. अमेरिकनांनाही ही वाट देऊ करण्यात आली होती, पण ती तेव्हा स्वीकारली गेली नाही.

तिसरा पर्याय म्हणजे ९० मि.मी. विमानवेधी तोफेवरून घेतलेली तोफ आणि चाळीस टनांच्या वर वजन असलेला सर्वस्वी नवा रणगाडा, टी-२६, म्हणजेच पुढचा पर्शिंग. लष्करासाठी शस्त्रे तयार करवून घेणाऱ्या ऑर्डनन्स विभागाच्या संशोधन शाखेचे प्रमुख ग्लॅडिऑन बार्न्झ यांचा सारा आग्रह यासाठी होता.

चौथा पर्याय होता शर्मनचे चिलखत जाड करण्याचा. तो १९४४ च्या सुरुवातीला थोड्या प्रमाणात स्वीकारला गेला आणि त्यातून २५४ 'जंबो' शर्मन तयार झाले. या पर्यायाकडे पुढे परत यावे लागेल.

निर्णयाचे टप्पे आणि केलेली कृती

नोव्हेंबर १९४३ मध्ये डेव्हर्स यांनी लंडनहून २५० टी-२६ रणगाड्यांची मागणी पाठवली. दर पाच शर्मनमागे एक असे प्रमाण त्यांच्या मनात होते. वर्षभरापूर्वी एम-६ नाकारणारे ते हेच डेव्हर्स. आता युरोपातील स्वारीची तयारी त्यांच्याकडे होती आणि जर्मन चिलखत कोणत्या दिशेने जाड होत चालले आहे ते त्यांना दिसत होते. मॅकनेअर यांनी मागणीला विरोध केला. ट्युनिशिया आणि सिसिलीच्या अनुभवातून अशी गरज दिसलेली नाही, शर्मनविषयी तक्रारी नाहीत, आणि जड रणगाडा मागण्यामागे रणगाड्यांच्या द्वंद्वाची चुकीची कल्पना आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांच्यापर्यंत प्रकरण गेले आणि डिसेंबर १९४३ मध्ये निर्णय डेव्हर्स यांच्या बाजूने लागला. २५० रणगाड्यांना मंजुरी मिळाली.

म्हणजे मॅकनेअर यांचा नकार निर्णायक ठरलाच नव्हता. त्यांना डावलून मंजुरी दिली गेली होती. तरीही पहिले उत्पादन नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झाले. मधल्या अकरा महिन्यांत जो वेळ गेला त्याचा बराचसा भाग आराखडा पक्का करण्यात, गिअर-पेटी आणि इंजिन थंड ठेवण्याच्या अडचणी सोडवण्यात व चाचण्यांत गेला. त्याआधीचे वर्ष कशात गेले याचा जाब तर ऑर्डनन्स विभागालाच द्यावा लागेल. १९४३ मध्ये त्यांचे लक्ष टी-२३ या विजेवर चालणाऱ्या चालन-यंत्रणेच्या मध्यम रणगाड्यात गुंतले होते. असे अडीचशे रणगाडे बांधले गेले, आणि देखभालीला किचकट असल्याने त्यांतला एकही लढाईत उतरला नाही. त्यांचा बुरूज तेवढा उपयोगी पडला. ७६ मि.मी.च्या शर्मनवर पुढे तोच बसवण्यात आला.

आता दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा टप्पा. जानेवारी १९४४ पासून ७६ मि.मी.चे शर्मन तयार होऊ लागले आणि वसंत ऋतूत त्यांतले शंभरावर इंग्लंडात पोचले. स्वारीला दोन महिने होते. परंतु तेथील अमेरिकी सेनापतींना ते नकोच होते. नव्या तोफेच्या स्फोटक गोळ्यात ७५ मि.मी.च्या गोळ्याच्या सुमारे साठ टक्केच स्फोटक मावे; तोंडाशी उडणाऱ्या धुळीने नेम कुठे लागला ते दिसत नसे; ऐन वेळी दोन प्रकारचा दारूगोळा सांभाळण्याची कटकट वाढणार होती; आणि हाती असलेली तोफ पुरेशी आहे, असा विश्वास होता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ७६ मि.मी.चा एकही शर्मन उतरला नाही. हा निर्णय वॉशिंग्टनने लादलेला नव्हता. प्रत्यक्ष लढणाऱ्या सेनापतींनीच तो घेतला होता. 'गरज आघाडीने सांगावी' या तत्त्वाला आघाडीने दिलेले उत्तर चुकीचे निघाले, कारण समोर काय येणार आहे हे आघाडीलाही सांगितले गेले नव्हते.

महिन्याभरात चित्र पालटले. आता प्रत्येक जण ७६ मि.मी. मागू लागला, आणि जुलैच्या अखेरीस नॉर्मंडीची फळी फोडणाऱ्या हल्ल्यात ते रणगाडे प्रथम वापरले गेले. मग आणखी एक धक्का बसला. नॉर्मंडीतील इझिग्नी येथे, पकडलेल्या पँथरवर गोळे झाडून घेतलेल्या चाचण्यांत दिसले की, ही नवी तोफसुद्धा त्याचा पुढचा उतरता पत्रा भेदत नाही. तोवर तोफेची क्षमता आपल्याच पोलादी पत्र्यांवर मोजली गेली होती. टंगस्टनचे गोळे ऑगस्टपासून येऊ लागले, पण फारच थोडे, आणि त्यांतलेही बरेचसे रणगाडा-संहारकांच्या वाट्याला जात. मॅकनेअर स्वतः हा वाद पुढे पाहायला उरले नाहीत. २५ जुलै १९४४ रोजी सँ-लो गावाजवळ अमेरिकी विमानांचेच बॉम्ब आपल्या फळीवर पडून ते ठार झाले.

वर्षअखेरीस नव्या जड रणगाड्यावरून पुन्हा वाद झाला. आधी चाचण्या पूर्ण कराव्यात असे भूसेनेचे म्हणणे होते, तर बार्न्झ यांना पहिले वीस रणगाडे थेट युरोपात पाठवायचे होते. बेल्जियमच्या आर्देन भागातील जर्मन प्रतिहल्ल्याने हा वाद मिटवला. वीस रणगाडे जानेवारी १९४५ मध्ये अँटवर्पला उतरले आणि तिसऱ्या व नवव्या चिलखती डिव्हिजनना प्रत्येकी दहा दिले गेले.

निष्पत्ती

पर्शिंगने आपले काम केले, पण त्याने युद्धाचा निकाल बदलला असे म्हणता येत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस एल्सडॉर्फ येथे एक पर्शिंग टायगरच्या गोळ्यांनी निकामी झाला. ६ मार्चला कलोनच्या कथीड्रलसमोर दुसऱ्याने पँथर पेटवला. दुसऱ्याच दिवशी रेमागेन येथे ऱ्हाईनवरचा अखंड पूल हाती लागला, तेव्हा नवव्या डिव्हिजनच्या पर्शिंगांनी पश्चिम तीरावरून तोफा डागून हल्ल्याला साथ दिली. मात्र स्फोटांनी खिळखिळ्या झालेल्या त्या पुलावरून रात्री पलीकडे गेले ते शर्मन. पर्शिंगांना काही दिवसांनी तराफ्यांवरून नदी ओलांडावी लागली. १९४२ मध्ये डेव्हर्स यांनी आणि नंतर मॅकनेअर यांनी वजनाबद्दल जे म्हटले होते ते इथे शब्दशः खरे झाले, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांच्या लिखाणात क्वचितच येते. शिवाय तीस-तेहतीस टनांच्या शर्मनसाठी पुरणारे पाचशे अश्वशक्तीचे इंजिनच बेचाळीस टनांना ओढत होते, त्यामुळे चढावर पर्शिंग धापा टाकी.

शर्मनच्या बाजूचा हिशेबही पूर्ण मांडायला हवा. सप्टेंबर १९४४ मध्ये आराकूर येथे चौथ्या चिलखती डिव्हिजनच्या शर्मननी धुक्याचा फायदा घेऊन पँथरांच्या नव्या ब्रिगेडची वाताहत केली. युद्धानंतर अमेरिकी लष्कराने अशा चकमकींचा जो अभ्यास केला त्यातून असे दिसले की, कोणाचे चिलखत जाड यापेक्षा कोणी आधी पाहिले आणि आधी गोळी झाडली यावर निकाल अधिक ठरत असे. शर्मन पटकन पेटतो ही बदनामी मुख्यतः त्यातील दारूगोळ्याच्या जागेमुळे होती. गोळे तळाशी, पाण्याच्या आवरणातील कप्प्यांत ठेवण्याची पद्धत आल्यावर मारा बसलेल्या रणगाड्यांपैकी पेटणाऱ्यांचे प्रमाण साठ-ऐंशी टक्क्यांवरून दहा-पंधरा टक्क्यांवर आले. हा बदल जड रणगाड्याच्या वादाइतका गाजला नाही, पण त्याने किती जणांचे प्राण वाचवले असतील याचा विचार करावा.

युरोपबाहेर पाहिले तर मध्यम रणगाड्याची निवड आणखी पटते. मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील मेइक्तिला येथे डेक्कन हॉर्ससह भारतीय रेजिमेंटांचे शर्मन जपान्यांच्या मोर्चांवर तुटून पडले तेव्हा त्यांना हवा होता तो ७५ मि.मी.चा स्फोटक गोळाच. चाळीस टनांचे धूड तिथल्या पुलांवर निरुपयोगी ठरले असते. त्याच डेक्कन हॉर्सने वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, अरुणकुमार वैद्य यांच्या नेतृत्वाखाली असल उत्तर येथे शर्मनच वापरले. एव्हाना त्यांच्यावर अधिक भेदक तोफा होत्या. समोर पाकिस्तानचे पॅटन होते, म्हणजे पर्शिंगच्याच वंशातले. उसाच्या आडोशाने दबा धरून बसलेल्या रणगाड्यांनी चिखलात अडकलेल्या पॅटनना बाजूने टिपले.

काय वेगळे करता आले असते

पर्शिंग सहा महिने आधी आला असता तर, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मंजुरी आणि उत्पादन यांतील तांत्रिक अडचणी पाहता तो फार तर १९४४ च्या शरद ऋतूत, थोड्या संख्येने येऊ शकला असता. नॉर्मंडीसाठी तो वेळेवर येणे जवळजवळ अशक्य होते, कारण त्यासाठी टी-२३ चा नाद सोडून १९४३ च्या आरंभीच सगळी ताकद त्याच्यामागे लावावी लागली असती, आणि तेव्हा पँथर कोणी पाहिलेलाच नव्हता.

उलट तीन गोष्टी हातातल्या होत्या. ऑगस्ट १९४२ च्या चाचणीनंतर अरुंद बुरुजाची तक्रार नोंदवून तोफ बाजूला ठेवण्याऐवजी मोठ्या बुरुजाचे काम तिथेच सुरू केले असते, तर १९४३ च्या अखेरीस ७६ मि.मी.चे शर्मन पुरेशा संख्येने मिळाले असते, आणि तिच्या गोळ्यातील उणिवाही लढाईआधी कळल्या असत्या. टंगस्टनच्या गोळ्याला रणगाड्याइतकेच महत्त्व दिले असते, तर समुद्रापार नेण्याचे वजन वाढलेच नसते. आणि पँथरचे खरे चिलखत चाचणीसाठी समोर ठेवून तोफ तपासली असती, तर इझिग्नीचा धक्का इंग्लंडातच बसला असता.

जंबो शर्मनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तो मंजुरीपासून काही महिन्यांत तयार झाला, शरद ऋतूत युरोपात पोचला, आणि पलटणींनी तो इतका पसंत केला की स्तंभाच्या अग्रभागी त्यालाच ठेवण्याची धडपड चाले. त्याला नवे इंजिन लागले नाही, आणि बहुतेक सुटे भागही शर्मनचेच होते. तरी असे रणगाडे २५४ वरच थांबले, कारण वरच्या पातळीवरील सारा वाद 'शर्मन की पर्शिंग' असा दोन टोकांत अडकला होता. मधल्या वाटेला वाली नव्हता. बार्न्झ यांना ती तडजोड वाटे आणि मॅकनेअर यांच्या सिद्धान्तात तिची गरजच बसत नव्हती.

मॅकनेअर यांची शिस्त टाकून द्यायला हवी होती असेही मला वाटत नाही. तिच्यात एकच दुरुस्ती हवी होती. नव्या रणगाड्याला दीड-दोन वर्षे लागत असतील तर गरजेचा पुरावा आजच्या लढाईत शोधून चालत नाही. शत्रूच्या कारखान्यात काय चालले आहे यावरून तो बांधावा लागतो. त्यासाठी हेरखाते आणि शस्त्ररचनाकार एका टेबलाशी बसवणारी यंत्रणा हवी होती. ती नव्हती.

१९४६ मध्ये रणगाडा-संहारक दल बरखास्त करण्यात आले, आणि रणगाड्याचा खरा शत्रू रणगाडाच हे अधिकृतपणे मान्य झाले. त्याच वर्षी मे महिन्यात, आराखड्यात कोणताही बदल न करता, पर्शिंगची नोंद जड वर्गातून काढून मध्यम वर्गात करण्यात आली.